दोन आटे सैल

हेडक्लार्कसाहेबांनी आयुष्यात पाना एकदाच हातात घेतला, आणि तोही लेकीच्या भल्यासाठी.

लेक कॉलेजच्या मुलांबरोबर तीन महिने परदेशी निघाली होती, तिथल्या एका खेड्यात नळजोडण्यांच्या कामाला हातभार लावायला. प्राध्यापकबाईंची अट कडक होती. आधी स्वतःच्या घरातली एक अडचण दूर करा आणि फॉर्मवर घरच्यांची सही आणा. फॉर्म उद्या सकाळी द्यायचा, नाहीतर यादीतून नाव कटाप. पंचाईत अशी, की घरात अडचणच नव्हती. (घर तिची आई सांभाळत होती. तिथे अडचणीची काय बिशाद!)

"आई, काहीच कसं बिघडलं नाही गं?"

"नाही बिघडलं. आणि कोणी बिघडवूही नका," आई म्हणाली. म्हणताना ती साहेबांकडे का बघत होती, देव जाणे.

लेकीचा रडवेला चेहरा साहेबांना बघवेना. दुपारी स्वयंपाकघरात कोणी नाहीसं पाहून ते सिंकखाली शिरले आणि पाइपाचा नट दोन आटे सैल केला. थेंब थेंब गळेल, पोरगी आवळेल, सही होईल, असा साधा हिशेब. नटाला तो मान्य नव्हता. तो सरळ सुटून हातात आला.

"अगं, धाव! अडचण आली!" दोन्ही हातांनी पाइप दाबत साहेब ओरडले.

लेक आली ती वही-पेन घेऊनच. समोर उकिडवी बसली.

"बाबा, बाई म्हणतात लगेच हात घालायचा नाही, आधी समोरच्याचं ऐकून घ्यायचं. तुमच्या मते अडचण काय आहे?"

"पाणी!"

"कधीपासून?"

"आत्तापासून!"

"याआधी तुम्ही स्वतः काही करून पाहिलंत का?"

साहेबांनी पाना हळूच पायानं मागे सारला. पाणी आता त्यांच्या बाह्यांतून आत शिरत होतं.

"बरं. तुम्हाला नक्की काय हवंय?"

"तू जाऊ नयेस, असं वाटतं गं," साहेब बोलून गेले, आणि स्वतःच चपापले. महिनाभर ते हसत हसत बॅगांचं वजन करत होते. पोटातलं हे त्यांनी बायकोलाही सांगितलं नव्हतं.

लेकीचं पेन थांबलं. ती उठली, तिनं मेन कॉक बंद केला, पाइपाला टेप गुंडाळली आणि त्यांच्या मागचा पाना उचलून नट घट्ट बसवला. एकदाही कोणाला विचारावं लागलं नाही तिला. ओल्या फरशीवर बसून साहेब बघत राहिले. पोरगी कधीच तयार झाली होती. कच्चे ते स्वतःच होते.

"रोज फोन करीन, बाबा," ती म्हणाली आणि फॉर्म भरून पुढे केला.

साहेबांनी चष्मा पुसून तो वाचला. 'घराची खरी गरज: बाबांच्या हातून पाना काढून घेणे. काम पूर्ण झाले का: होय. पाना सोबत नेत आहे.'

त्यांनी सही केली. आईची सकाळीच, फॉर्म कोरा असतानाच झालेली होती.