लाल डब्यातलं खत

शनिवारची अर्ध्या दिवसाची कचेरी आटोपून दिनानाथ वाशीच्या सोसायटीच्या फाटकात शिरला, तेव्हा वॉचमन धर्मराज स्टुलावरून उठला.

"साब, बाईजी मंडळात गेल्या. बोलून गेल्या, आपका खत लाल डिब्बे में है."

"म्हणजे पत्र आलं," दिनानाथ पुटपुटला. गेला महिनाभर तो एकाच पत्राच्या धास्तीनं वाळत चालला होता. बेलापूरच्या कचेरीतून त्याची बदली गोंदियाला झाली होती. ती रद्द व्हावी म्हणून त्यानं वर अर्ज केला आणि कचेरीत बोभाटा नको म्हणून उत्तरासाठी घरचा पत्ता दिला. पुढं धीर इतका सुटला की एकदा जेवताना तो बायकोवर खेकसला, "ते पत्र आलं तर मला घरात दिसता कामा नये."

सरोजिनी सांगितलेलं ऐकणारी बाई, हीच खरी पंचाईत. दिसता कामा नये म्हटल्यावर तिनं ते नाक्यावरच्या लाल टपालपेटीत टाकून परत धाडलं असणार.

"कधी टाकलं?"

"वो तो बोला नाय, साब."

शेवटचं टपाल साडेतीनला निघे. तीन वाजून वीस झाले होते. दिनानाथ धावला. पेटीच्या तोंडातून त्यानं हात आत घातला, बोटांना पाकिटं लागली, आणि परत ओढताना मनगटावरचं घड्याळ आतून अडकलं. हात पुढंही जाईना, मागंही येईना.

माणसं जमली. "चोर दिसतो," कुणीतरी म्हणालं.

"चोर कवा घड्याल घालून येतो का?" दिवाळे गावची कोळीण चंद्राबाई डोक्यावरची माशांची पाटी उतरवत म्हणाली. "कशाला हात घातलास रं भावा?"

"माझं पत्र आहे आत."

"एकदा टाकलं का ते पोस्टमनचं हाय. थांब, हलू नको."

तिनं पाटीतलं बांगड्याचं पाणी त्याच्या कोपरावरून सोडलं. ते मनगटापर्यंत ओघळलं, घड्याळ बुळबुळीत झालं आणि हात सुटला. पोस्टमननं येऊन पेटी उघडली. आतल्या पाकिटांना बांगड्याचा वास होता, पण दिनानाथच्या नावाचं एकही नव्हतं.

तो घरी पोचला तेव्हा सरोजिनी परतली होती. महिला मंडळातलं एक व्याख्यान ऐकल्यापासून तिच्या स्वयंपाकघराचा कारभार पालटला होता. तांदळाचं धुवण झाडांना, बाजारात कापडी पिशवी, एकाच कुकरात भात, वरण नि बटाटे, आणि भाजीच्या सालींसाठी ओट्याखाली रंगाचा जुना लाल डबा.

"टपालपेटीत माझं खत नव्हतं," दिनानाथ म्हणाला.

"अहो, खत म्हणजे खत," ती डब्याकडं बोट दाखवत म्हणाली. "मूठभर तुळशीला घाला, असा निरोप होता. आणि हा वास कसला?"

दिनानाथ पाटावर बसला. "म्हणजे पत्र आलंच नाही?"

"आलं की. पंधरा दिवस झाले. तुम्हीच म्हणालात, दिसता कामा नये. फाडून डब्यात घातलं. ओल्या सालींत कोरडा कागद घातला की वास येत नाही म्हणे."

"वाचलं नाहीस?"

"तुमच्या नावाचं होतं ना?"

पापडाच्या चिमट्यानं त्यानं तासभर डबा उपसला. एक तुकडा शाबूत निघाला. 'बदली रद्द करण्याची विनंती मान्य करण्यात ये'. पुढं दुधीचं साल. येत आहे की येत नाही, ते गांडुळाला ठाऊक. रविवारी त्याला घास गेला नाही.

सोमवारी आस्थापना शाखेतल्या सुभाषनं त्याला बोलावलं. "दिनानाथराव, आमच्याकडं प्रत आलीय. बदली रद्द."

दिनानाथनं हात जोडले.

"पण मूळ पत्र आणा. ते फाईलला लागल्याशिवाय मी काही करू शकत नाही. आज नाही आलं तर गोंदियाचं तिकीट काढा."

जेवणाच्या सुट्टीत दिनानाथ घरी जाऊन आला आणि लाल डबा सुभाषच्या टेबलावर ठेवला. सुभाषनं झाकण उघडलं.

"यात?"

"यातच."

"सगळं?"

"'करण्यात ये'पर्यंत वाचता येतं."

सुभाषनं चिमूटभर काळी माती बोटांत चोळली, हुंगली. "याला वास कसा नाही हो?"

"कागद घातलाय."

"आमचा मोगरा दोन वर्षं फुलला नाही," सुभाष हळूच म्हणाला. त्यानं झाकण लावलं, डबा पायानं टेबलाखाली सरकवला, फाईल ओढली आणि लिहिलं, 'मूळ पत्र मिळाले.'

संध्याकाळी फाटकात धर्मराजनं विचारलं, "साब, खत मिला?"

"मिळालं," दिनानाथ म्हणाला. "सरकारलासुद्धा मिळालं."