साळवेमामांची खिंड

साळवेमामा दोनदा घंटी वाजवल्याशिवाय सायकल हलवत नाहीत. एसटीत तीस वर्षं कंडक्टरकी केली, आता निवृत्त होऊन वसमतला घरी असतात; पण सिंगल बेल थांबा, डबल बेल चला, हा नियम स्वतःच्या सायकलीलाही लागू. कॅरिअर रिकामं असलं तरी "चला, आत सरका" म्हणणार, मगच पायडल.

त्यांना वेड एकच. किरगिझस्तानातली एक उंच खिंड सायकलवर पार करायची. तिचा नकाशा घड्याळाखाली चिकटवलेला. सोबतीला त्यांनी मला निवडलं. मी तहसीलमधला कारकून. सायकलनं औंढ्याला गेलो तर परत एसटीनं येणारा. मामांना माझ्यात काहीतरी दिसलं असणार, असं मी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "मामांचे डोळे तपासले का?"

तिकडचे डोंगर बघूनच मी सायकलवरून खाली उतरलो. मामा शांत. "चढ न्हाई ह्यो. उलट्या बाजूचा उतार हाय."

आठव्या दिवशी, खिंड हाकेवर आली असताना, एका उतारावर मी एका हातानं स्वतःचा व्हिडिओ काढून राहिलो होतो. "वसमतकरांनो," एवढं म्हणालो आणि खडीवर सपशेल आडवा झालो. मामांनी पिशवीतून घरची हळद काढली. गुडघा, कोपर, गाल, कपाळ. खरचटलं तिथं आणि नाही तिथंही चोपडली.

जवळच्या गावातल्या दवाखान्यात नर्सनं माझं पिवळं तोंड पाहिलं, मामांचे पिवळे हात पाहिले आणि कावीळ समजून दोघांना वेगळ्या खोलीत घातलं.

"बाई, हळद हाय हो!" मामा दारातून ओरडले. "आमच्याकडं नवरदेवाला लावतेत!"

फोननं याचं काय भाषांतर केलं कोण जाणे; बाईंनी माझं अभिनंदन केलं. मग ओल्या फडक्यानं गाल पुसून पाहिला, तेव्हा सुटका झाली. गुडघा मात्र खरंच गेला होता. पंधरा दिवस सायकल बंद.

बाईंनी कागद मागितले. मामांच्या पासपोर्टाला आणखी एक जुना पासपोर्ट टाचलेला. मी चाळला. एकही शिक्का नाही. दहा वर्षांची मुदत कोरीच संपली होती.

"तवा काहून न्हाई आलात?"

"सोबत मिळंना. तुझ्या आधी चौदा जनांला इचारलं."

म्हणजे माझा नंबर पंधरावा. बायकोला हे सांगितलेलं नाही.

खिंड खिडकीतून दिसत होती. "मामा, तुमी जाऊन या," मी म्हणालो. "मी हितंच पडतो." सकाळी ते निघाले. दुपारच्या चहाला परत हजर.

"झाली पार?"

"न्हाई. अर्ध्यातून फिरलो."

"काहून? तकलीफ झाली का?"

मामा माझ्या कॉटच्या कडेला बसले, बूट सोडू लागले.

"एका वळणावर समदं बर्फच बर्फ दिसलं," ते म्हणाले. "बघ रे, असं मागं वळून म्हनलो. दोन-तीन बार म्हनलो. मंग फिरलो."