खारीची तक्रार आणि घुबडाचा लवाद

मुलांनो, एका जंगलात सगळे प्राणी आपलं अन्न जमिनीत पुरून ठेवायचे आणि कुठे पुरलं तेच विसरायचे. म्हणून एका कोल्ह्यानं गुहेत कोठी काढली. 'तुम्ही ठेवा, आम्ही सांभाळू,' असं तो सगळ्यांना सांगत सुटला.

झुपकी नावाच्या खारीनं उन्हाळ्यासाठी जमवलेल्या बिया कोठीत नेल्या. कोल्ह्यानं भलंमोठं केळीचं पान पुढे केलं. त्यावर मुंगीएवढ्या अक्षरांत करार होता.

"काय लिहिलंय हो यात?"

"तुमच्याच भल्याचं, ताई. इथे पंज्याचा ठसा उठवा."

झुपकी वाचू लागली. रांगेत मागे उभं असलेलं अस्वल खाकरलं. तिनं घाईघाईनं पंजा उठवला.

उन्हाळा आला. झुपकीला पिल्लं झाली होती. ती बिया आणायला गेली, तर कोठीत नुसती टरफलं.

"उंदीर फार झालेत हो," कोल्हा हळहळला.

झुपकी तडक सिंहाकडे गेली. सिंहानं आयाळ फुलवून कोल्ह्याला बोलावलं. कोल्हा पान घेऊनच आला. त्यानं एका ओळीवर नख ठेवलं. तक्रार राजाकडे नेता येणार नाही, लवादापुढेच चालेल, असं तिथे लिहिलं होतं.

सिंहाची आयाळ बसली. "बाई गं, पंजा तुझाच ना? मग मी काय करणार?"

"लवाद म्हणजे कोण?" झुपकीनं विचारलं.

"भांडण मिटवणारा. आमचे घुबडराव," कोल्हा म्हणाला. "अगदी निःपक्षपाती. कोठीच्या छतालाच राहतात."

"आणि खातात काय?"

"कोठीतलेच उंदीर. चांगले पोसलेले असतात."

"मग आम्ही साऱ्या खारी मिळून येतो."

"छे! एकेकट्यानं यायचं. तेही अंधार पडल्यावर. करारातच आहे."

"आधी कोणी गेलं होतं?"

"ससा गेला होता की. घुबडरावांनी एका बैठकीत प्रकरण संपवलं. त्यानंतर सशाची चकार शब्दानं तक्रार नाही."

झुपकीनं शेपटी अंगाभोवती घट्ट ओढून घेतली. घरी पिल्लं उपाशी होती. पण अजून त्यांना आई तरी होती.

"माझी काही तक्रारच नाही, साहेब," ती म्हणाली आणि रणरणत्या उन्हात नव्यानं बिया शोधायला निघाली.

"पाहिलंत महाराज? लवाद बसायच्या आत तंटा मिटला!" कोल्हा म्हणाला.

सिंह खूश झाला. आपल्या दरबारासाठीही असं एखादं घुबड मिळेल का, याची त्यानं चौकशी केली.

तात्पर्य: भांडण दरबारात न नेता सामोपचारानं मिटवावं. मिटवणाऱ्याला भूक लागलेली असेल, तर ते फारच लवकर मिटतं.