पस्तीस अंशांवरचे अहिरे सर

अहिरे सर कुणाकडेही जेवायला गेले, की जेवण झाल्यावर बेसिनपाशी उभं राहून तेलकट कढया घासत, आणि त्याही थंड पाण्यानं. यजमानीण "अहो सर, गरम पाणी आहे की!" म्हणून धावली, तर मान वर न करता म्हणत, "पाणी गरम करायला अक्कल लागत नाही."

मँचेस्टरच्या आमच्या लॅबमध्ये मी त्यांची असिस्टंट होते. रोज सकाळी जयभीमच्या पाठोपाठ हेच वाक्य ऐकायचं. कॅनडातून आणलेल्या डांबरासारख्या काळ्या वाळूतून तेल सोडवणं हा सरांचा ध्यास. सगळे त्यासाठी कढत पाणी वापरतात, म्हणजे तेल काढायला आधी इंधन जाळतात. सरांना ते पस्तीस अंशांवर, स्वतः तयार केलेल्या द्रावणानं आणि तेच पाणी पुन्हा पुन्हा वापरून काढायचं होतं. आकड्यांना माणूस भलताच कडक. मी एकदा चौतीस पॉइंट आठचे पस्तीस लिहिले, तर दोन दिवस अबोला.

मग फंडिंगवाले डेमो बघायला येणार असं ठरलं. वीस मिनिटांत तेल वर आलं नाही तर प्रोजेक्ट बंद. आदल्या दिवशी सर म्हणाले, "डेमो तू करायचा. बिघडला तर माझी बावीस वर्षं पाण्यात."

मला रात्रभर झोप नाही. डेमोला बारा मिनिटं झाली तरी काचेच्या भांड्यातली वाळू ढिम्म. पाहुण्या बाईंनी घड्याळ बघितलं. सर पाठमोरे उभे राहून त्यांना आलेख समजावत होते. मी हीटरचं बटण हळूच फिरवलं.

अठराव्या मिनिटाला काळे थेंब सुटून वर आले. "ब्रिलियंट!" बाई म्हणाल्या. सर थर्मामीटरवर वाकले आणि तसेच राहिले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं मला झालं.

"सॉरी," सर त्यांना इंग्रजीत म्हणाले, "हे पस्तीस नाही, अठ्ठेचाळीस आहे. हा रिझल्ट धरू नका. चूक माझी."

पाहुणे गेले. प्रोजेक्टही गेला. मला रडू आवरेना.

"सर, बटण मी फिरवलं. तुम्ही खोटं का बोललात?"

सरांनी माझ्यापुढे स्टूल सरकवलं. "खोटं कुठे बोललो, पोरी? माझी बावीस वर्षं तुझ्या डोक्यावर कुणी ठेवली? मीच ना?"