मादामची शिकवणी

सेमाफोरच्या किनाऱ्याजवळच्या हॉलमध्ये दर शनिवारी लहान मुलांना रंगांतून, बाहुल्यांतून फ्रेंच शिकवणाऱ्या ग्लेनिस ट्रेंबथचा नियम एकच होता : मुलांना वाटायला हवं, मादामला इंग्रजी येतच नाही. वास्तविक तिच्या चार पिढ्या इथंच, दक्षिण ऑस्ट्रेलियात, मेंढ्यांवर ओरडण्यात गेल्या होत्या. पण हॉलचा व्यवहार ई-मेलवर चाले, तिचं इंग्रजी बोलणं कुणी ऐकलंच नव्हतं, त्यामुळे मोठ्यांनाही थांग नव्हता.

घोळ झाला तो सॉसेजच्या स्टॉलवर. हॉल कमिटीच्या अध्यक्षा डनस्टनबाई छपराच्या निधीसाठी सॉसेज भाजत होत्या. ग्लेनिस ‘कांदा नको’ म्हणणार, तोच मागून सहा वर्षांची विनी कालाफातिस फ्रेंचमध्ये ओरडली, "थांबा मादाम, मी सांगते!" मग डनस्टनबाईंकडे वळून इंग्रजीत म्हणाली, "बिचारीला आपली भाषा येत नाही. कांदा जास्त घाला, फ्रान्सात मिळत नसेल."

"अगं बाई! मग हिचं भागतं कसं?" डनस्टनबाई ग्लेनिसच्या कानाशी ओरडल्या, "कां-दा! चां-ग-ला अ-स-तो!"

ग्लेनिसनं ‘मेर्सी’ असे फ्रेंच आभार मानत कांदा गिळला.

पुढच्या शनिवारी मादामला इंग्रजी शिकवायला मुलांनी वर्गच ताब्यात घेतला. कुणी बस रंगवली, कुणी संडास. मोज्यांच्या बाहुल्या दुकानदार झाल्या. मादामनं चित्र बघून इंग्रजी शब्द म्हणायचा. तो बरोबर आला की विनी डोळे बारीक करून बघायची, म्हणून ग्लेनिस मन लावून चुकू लागली.

"तसं नाही हो मादाम, जीभ आत घ्या!" विनी समजावायची, तेही फ्रेंचमध्ये. मादामला दुसरं काय कळणार?

टर्म संपताना कार्यक्रम ठरला. पुढच्या टर्मला हॉल फ्रेंचला द्यायचा की झुंबाला, हे तो बघून कमिटी ठरवणार होती. कार्यक्रम हॉलमागच्या निलगिरीखाली होता, आणि दिवस मॅगपाय पक्ष्यांनी माणसांच्या टाळक्यावर झेपावण्याचे. बघणाऱ्यावर मॅगपाय झेपावत नाही म्हणून मुलांनी आइस्क्रीमच्या रिकाम्या डब्यांवर मोठाले डोळे रंगवून ते टोपीसारखे घातले होते. डनस्टनबाईंना डबा उरला नाही, म्हणून ग्लेनिसनं आपला दिला.

गाणं रंगात आलं आणि मॅगपायनं नेमकं ग्लेनिसचंच उघडं डोकं गाठलं.

"अगं ए मेले! नीघ इथनं, नाहीतर मान मुरगाळीन तुझी!"

इंग्रजी अस्सल होतं. मेंढ्यांवर ओरडणाऱ्या चारही पिढ्या त्या आवाजात होत्या.

गाणं थांबलं. झुंबावाली बाई खुर्चीत सरसावून बसली. ग्लेनिसला वाटलं, संपलं सगळं.

"बघितलंत?" विनी छाती फुगवून कमिटीला म्हणाली. "एका टर्ममध्ये!"

डनस्टनबाईंनी डबा डोक्यावरून काढला. "उच्चार तर थेट आपल्यासारखे गं! तुम्ही शिकवलंत?"

"चित्रं काढून. आणि मोज्यांनी."

"आणि शिव्या?"

"त्या आम्ही नाही. त्या तिच्या ती शिकली."

कमिटीला फ्रेंचमधलं ओ की ठो कळलं नव्हतं, पण पद्धतीचा गुण कानांनी ऐकला होता. वर्ग चालू राहिला. शिवाय दर मंगळवारी परदेशातून आलेल्यांसाठी ‘चित्रांतून इंग्रजी’ असा नवा वर्ग मंजूर झाला. पहिलं नाव मादामचं लागलं. फी माफ.

"घाबरू नका," विनी तिचा हात धरून फ्रेंचमध्ये म्हणाली, "मी शेजारी बसेन."

ग्लेनिसला चांगलं इंग्रजीत आभार मानायचे होते. पण तो शब्द मुलांनी अजून शिकवला नव्हता.

"मेर्सी," ती म्हणाली.