एका पत्त्यावर पंधराशे ऐंशी मृत

गुड फ्रायडेच्या दिवशी एल्डन गिडरीच्या अंगणात पंधराशे ऐंशी जीव गेले, आणि घरातल्या झुरळांपैकी एकाच्याही मिशीला धक्का लागला नाही. पण ते तूर्त बाजूला ठेवू. असं काही घडलंच नाही, असं समजू. कारण गुरुवारी सकाळी एल्डनइतका सुखी माणूस अख्ख्या लुईझियानात नव्हता!

सुखाचं कारण होतं एक वल्हं.

एल्डनचे सासरे मिस्टर वाल्सिन हे ग्रों-शेन गावच्या स्वयंसेवी अग्निशामक दलाचे प्रमुख. दर गुड फ्रायडेला ते आपल्या अंगणात क्रॉफिश उकडत. क्रॉफिश म्हणजे शेवंडाची चिखलात वाढलेली, बोटभर लांबीची पुतणी. त्या दिवशी गावात मटणाचिकनाला हात लावायचा नाही, त्यामुळे सगळं खानदान क्रॉफिशवर तुटून पडायचं. म्हैस बसेल एवढं पातेलं, आणि ते ढवळायला होडीचं जुनं वल्हं. वल्ह्याला हात लावायचा मान फक्त मिस्टर वाल्सिनचा. लग्न झाल्यापासून सात वर्षं एल्डन निव्वळ बर्फ वाहत होता.

यंदा मात्र सासऱ्यांच्या अंगणात सेप्टिक टँकसाठी खड्डा खणला गेला. ते म्हणाले, "या वर्षी तुझ्याकडे करू, पोरा. जमलं, तर वल्हं तुझं."

"न जमायला काय झालं, मिस्टर वाल्सिन? डोळे मिटून करतो!"

"डोळे उघडे ठेव," सासरे म्हणाले.

एल्डननं उघडे ठेवले आणि त्याला ओट्यावर झुरळ दिसलं. साधंसुधं नव्हे, खारकेएवढं! दिवा लावला तरी ते पळालं नाही. उलट एल्डनकडे असं पाहिलं, की जणू घर झुरळाचं आणि भाडं एल्डनचं थकलंय. चौतीस माणसं जेवायला येणार होती, आणि त्यांत सासूबाई मिस अर्लीन होत्या! एका लग्नात टेबलाखाली एक झुरळ दिसलं म्हणून मिस अर्लीन त्या घराण्याशी एकोणीस वर्षं बोलल्या नव्हत्या.

"मी झुरळबाँब लावतो, घरभर विषारी धूर सोडणारे डबे," एल्डननं बायकोला जाहीर केलं.

"अजिबात नाही!" मोनिक म्हणाली. "ओडील तीन वर्षांची आहे. ती जमीन चाटते, खुर्ची चाटते, परवा पोस्टमनला चाटत होती. कोपऱ्यात सापळे ठेव, फटी बुजव, झालं."

"सापळ्यात एकेक मरणार. माझ्याकडे एक दिवस आहे!"

"मग निदान डब्यावर काय लिहिलंय ते वाच."

"वाचलंय."

खरंच वाचलं होतं. लाल अक्षरांतलं. धूर सोडण्याआधी शेगडीची ज्योत विझवा, नाहीतर स्फोट होईल, असं त्यात होतं. ती त्यानं विझवली. बारीक अक्षरांत आणखी बरंच काही होतं. पण लोकांनी ते वाचावं असं कंपनीला वाटत असतं, तर तिनं ते मोठं छापलं नसतं का?

त्या बारीक अक्षरांत एवढ्याशा घराला एकच डबा पुरे, असं होतं. एल्डननं सहा लावले. एका डब्यानं झुरळं मरत असतील, तर सहा डब्यांनी त्यांचे पूर्वजही मरतील, हा त्यामागचा विचार.

मोनिक ओडीलला घेऊन रागारागानं माहेरी गेली. एल्डननं सहाही डबे दाबले आणि दार ओढून बाहेर आला. दहा मिनिटांनी त्याला आठवलं की टोपी आत राहिली. तो आत गेला, टोपी घेतली, आणि जरा वेळ थांबून त्या धुराकडे समाधानानं बघितलं. बाहेर आला तेव्हा डोकं गरगरत होतं आणि ओठ झिणझिणत होते. "एकदम जालीम माल आहे!" तो खूश होऊन म्हणाला.

संध्याकाळी खिडक्या उघडल्या, पंखे लावले. मोनिकचा फोन आला. "ओडीलची खेळणी, भांडी, खुर्ची, जे जे उघडं होतं ते सगळं बाहेर नेऊन धू. नीट!"

एल्डननं नीट धुतलं. ओडीलचं डुंबायचं प्लास्टिकचं निळं टाकं अंगणात होतं, त्यात सगळं घासलं, खळबळलं, पुन्हा खळबळलं. शेवटचं पाणी इतकं नितळ होतं की ते फेकणं त्याच्या जिवावर आलं.

शुक्रवारी सकाळी त्यानं जिवंत क्रॉफिशची तीन पोती आणली. नव्वद पौंड! सासऱ्यांचा फोन: "आणलेस? आता स्वच्छ पाण्यात सोड. चिखल निघू दे."

स्वच्छ पाणी तयारच होतं.

पाच मिनिटांत टाक्यात जल्लोष सुरू झाला. क्रॉफिश उड्या मारत होते, शेपट्या आपटत होते, वरातीत नाचावं तसे एकमेकांच्या अंगावर पडत होते. एल्डननं कौतुकानं व्हिडिओ काढून सासऱ्यांना पाठवला. "बघा काय जोम आहे!"

उत्तर आलं, "क्रॉफिश पाठीवर पडून नाचत नाहीत."

एल्डननं टाक्यात वाकून पाहिलं. वरात संपत आली होती. त्यानं रिकामा डबा शोधला, त्यावरचा विषबाधेच्या हेल्पलाइनचा नंबर शोधला (तो मोठ्या अक्षरांत होता) आणि फोन लावला.

"घाबरू नका," पलीकडच्या बाई म्हणाल्या. "पत्ता सांगा. रुग्णाचं वजन?"

"नव्वद पौंड."

"म्हणजे लहान मूल! वय?"

"वय... कसं सांगणार, बाई? यंदाच्याच हंगामातलं."

बाईंनी ते तसंच लिहून घेतलं. "लक्षणं?"

"आधी थरथर. मग झटके. आता पाठीवर पडून पाय हलवतायत."

"हलवतायत? किती जण आहेत?"

"दीड हजार तरी असतील."

पलीकडे काहीतरी खाली पडल्याचा आवाज झाला. "दीड हजार मुलं?"

"मुलं नाही हो! क्रॉफिश!"

बाईंनी एक लांब श्वास सोडला. "साहेब, या औषधानं पाण्यातले असले जीव थेंबभरानंही मरतात. कुणी खाल्लेत का?"

"छे! पातेलं एक वाजता चढणार."

"पातेलं चढणार नाही! आणि तुम्ही स्वतः धुरात होतात का?"

"टोपी आणायला गेलो होतो, तेवढंच. ओठ झिणझिणतायत अजून. पण ते आमच्याकडे मसाल्यानं नेहमीच झिणझिणतात."

"आज मसाला खाल्लात?"

"...नाही."

"बाहेर मोकळ्या हवेत बसा. गाडी मी मघाशीच पाठवलीय."

या भागात अशी गाडी म्हणजे अग्निशामक दलाची. आणि अग्निशामक दल म्हणजे मिस्टर वाल्सिन! वायरलेसवर त्यांना एवढंच कळलं होतं की मुलीच्या घरी नव्वद पौंडांचं लेकरू अत्यवस्थ आहे. ओडीलचं वजन तीस पौंड आणि ती तर निघेपर्यंत त्यांच्याच मांडीवर बसून बिस्किट चाटत होती, हे त्यांच्या ध्यानात अर्ध्या वाटेत आलं. तरी त्यांनी सायरन बंद केला नाही. सायरनचा मोह त्यांना आवरत नसे.

एक वाजता चौतीस पाहुणे आले, तेव्हा जावई अंगणात खुर्चीवर, तोंडाला ऑक्सिजनचा मास्क, अंगावरचे कपडे काढून घेतलेले, कमरेला टॉवेल, आणि दोन जवान पाइपानं त्याला धूत होते.

मास्क जरा बाजूला करून एल्डन पुटपुटला, "मिस्टर वाल्सिन, चांगले खळखळून उकळले तर? आपल्या तिखटापुढे काय टिकतंय?"

"उकळून विष जात नाही, शहाण्या!" मोनिक ओरडली. "चौतीस खुर्च्या आणि चौतीस मास्क मांडायचेत का?"

सासऱ्यांनी एक क्रॉफिश उचलून त्याचं लुळं पडलेलं शेपूट पाहिलं आणि टोपी काढली. मग सगळी खेप हातमोज्यांनी पिशव्यांत भरून रवाना केली. पण भरता भरता मोजावी लागली, कारण दलाच्या फॉर्ममध्ये मृतांचा रकाना रिकामा ठेवता येत नाही.

उरलं काय? एल्डनच्या गाडीतच राहिलेलं सामान: पोतंभर बटाटे, मक्याची कणसं, मश्रूम, लसूण आणि मसाला. मिस्टर वाल्सिननी आपल्या घरून पातेलं आणवलं, वल्हं घेतलं आणि तेच सगळं उकडलं. लोक बोटं चाटत जेवले. एका काकांनी तर सोलायची कटकट नाही म्हणून देवाचे आभार मानले! मिस अर्लीनना झुरळ दिसलं नाही, कारण मोनिकनं कोणालाच घरात जाऊ दिलं नाही. आत झुरळं भिंतींच्या फटींतून बाहेर येऊन निवांत वावरत होती. धूर फटींपर्यंत पोचतच नाही म्हणे. हेही बारीक अक्षरांत होतं.

ओडील बापाच्या मांडीवर कणीस खात होती. मोनिकनं विचारलं, "ओठ?"

"झिणझिणतायत. पण आता मसाल्यानं."

ती हसली, तसं एल्डननं धीर करून सासऱ्यांकडे पाहिलं. "मग... वल्ह्याचं?"

"ज्याच्या नावावर पंधराशे ऐंशी मृत आहेत, त्याच्या हाती वल्हं?" सासऱ्यांनी बटाटा सोलत विचारलं. "आधी नोंद बदलून आण. दलाच्या प्रमुखाकडे रीतसर अर्ज कर."

"प्रमुख तुम्हीच ना?"

"हो. आणि फार खडूस माणूस आहे तो."

आठवड्याभरानं एल्डननं अर्ज दिला.

प्रति, मा. प्रमुख, स्वयंसेवी अग्निशामक दल, ग्रों-शेन.

विषय: घटना-नोंदीत दुरुस्ती होणेबाबत.

महोदय, गुड फ्रायडे रोजी माझ्या पत्त्यावरील नोंदीत 'रुग्ण : १५८१, मृत : १५८०' असे नमूद आहे. त्यामुळे माझे घर जिल्ह्याच्या इतिहासातील सर्वांत भीषण दुर्घटनास्थळ ठरले असून विमा कंपनीचे लोक रोज येऊन फोटो काढत आहेत. तरी सदर मृत हे रहिवासी नसून जेवण होते, याची नोंद घेऊन आकडा शून्य करण्यात यावा, आणि पुढील गुड फ्रायडे वल्ह्यासह अर्जदाराच्या नावे वर्ग करण्यात यावा, ही नम्र विनंती.