खडखडाटात झोपलेला श्रोता

आम्ही नवा मिक्सर आणला तेव्हा शहापुरातल्या आमच्या गल्लीनं त्याची किंमत विचारली. शेजारच्या सुभाषअण्णांनी मात्र विचारलं, "मास्तर, जुन्याचा आवाज घेऊन ठेवलासा का न्हाय?" आणि माइक घेऊन ते थेट आमच्या माळ्यावर चढले.

अण्णा मूळचे पियानोवादक. विणकराच्या घरात हे खूळ कुठून शिरलं, देव जाणे. बरं, सरळ वाजवतील तर ते अण्णा कसले? पियानोच्या तारांत चमचे, सुताच्या कांड्या, एकदा तर मागाचा धोटाच अडकवून वाजवायचे. "सूर काय, कुणीबी लावतंय. खडखड लावून दाखवा," हे त्यांचं ठरलेलं वाक्य. पुण्यात पहिल्या रांगेतल्या एका गृहस्थांना डुलकी लागली, तर वादन थांबवून त्यांना बाहेर काढलं होतं. हळूहळू पियानो देणारे संपले आणि अण्णा कॉम्प्युटरवर संगीत रचू लागले. त्यात आता आमचा मिक्सरही आहे म्हणे. मला तो ओळखू आला नाही, पण मान डोलावली.

अण्णांना वाढवलं थोरल्या बहिणीनं, आक्कांनी, घरचे चार माग चालवून. गेल्या वर्षी ते माग मोडीत गेले आणि आक्कांची दुपारची झोप उडाली. मागवाल्यांचं असंच असतं. खडखडाटात गाढ झोपतात, माग थांबला की दचकून उठतात. आक्का नुसत्या कूस बदलत पडायच्या. खंगत चालल्या होत्या, बघवत नव्हतं.

माग जायच्या आधी अण्णांनी त्यांचा आवाज घेऊन ठेवला होता. त्यातून त्यांनी आक्कांसाठी एक रचना केली. मलाही ऐकायला बोलावलं. आक्कांचे डोळे मिटत आले, तोच अण्णांनी मोठ्या कलाकुसरीनं घातलेली शांतता आली. आक्का ताडकन उठल्या.

"सुभाष, तिसरा थांबला बघ रं. धागा तुटला असंल."

मला वाटलं, अण्णा आता शांततेचं महत्त्व समजावणार. पण ते गुमान कॉम्प्युटरपाशी बसले आणि आपली सगळी कारागिरी पुसून टाकली. उरला तो नुसता चार मागांचा खडखडाट.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी डोकावलो. आक्का चक्क घोरत होत्या. उशाशी बसलेल्या अण्णांनी एवढ्या खडखडाटातही मला ओठांवर बोट ठेवून गप्प केलं आणि बाहेर आणलं.

"मास्तर, चाळीस वर्षं लोकांस्नी जागं करायला वाजवलो," ते हळूच म्हणाले. "आज पयल्यांदा कुणाला तरी झोपवलो."

मग "करंटचा काय भरवसा न्हाय" असं पुटपुटत, स्पीकरला जोडायची चार्ज केलेली बॅटरी मांडीवर घेऊन ते पुन्हा आक्कांच्या उशाशी जाऊन बसले.